गरमपेटी घाट चढली त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णेचे पायी मस्तक ठेवून, जे डोळियांनी पाहिले आणि जे पाहणारांचे तोंडून ऐकिले, तेवढेच लिहितो; पदरचे घालीत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले. राज्याचा कसबा घाटाखाली आणि बाळंतिणींचे इस्पितळ घाटावर पठारी, मधे अकरा मैलांचा वळणांचा रस्ता. वर पाण्याची बहुत टंचाई, म्हणोन मुदपाकखाना खाली कसब्यात ठेविला होता आणि वर चहापुरती एक शेगडी, बाकी काही नाही. मुदपाकखान्याचा अखत्यार म्हाळसाबाई कुंभोजकर यांजकडे. बाई पन्नाशी उलटलेल्या, अंगाने सडपातळ, आवाज खणखणीत, वीस वर्षे चुलीपाशी उभ्या राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. बेचाळीस बाळंतिणींचे अन्न रोज रांधीत आणि डबे भरोन टेंपोत घालीत आणि टेंपो इब्राहीमभाई नायकवडी वर नेत. परंतु घाटाचा वारा ऐसा की, खाली वाफाळलेले वरण वर पोचेतो कोमट होई आणि भात कडक पडे. आश्विनमासी त्याच कोमट अन्नाने नऊ बाळंतिणी ओकाऱ्यांनी हैराण जाहल्या. त्यांत पारूबाई म्हणोन एक अशक्त मुलगी तीन दिवस सलाईनवर राहिली आणि तिचे लेकरू दुधावाचून रडून रडून निळे पडले. दोघे वाचली, हे दैव. मग इस्पितळाच्या दाक्तरीण अनसूयाबाई यांणी हुकूम केला की, "साठ अंशांखाली उतरलेले अन्न माझ्या इस्पितळात वाढले जाणार नाही. मी स्वतः उबेचा काटा लावीन, आणि कमी भरले तर ओतून देईन." म्हाळसाबाईंनी हुकूम ऐकिला आणि त्या दिवशी त्यांस घास गेला नाही. आपले हातचे अन्न खाऊन बाळंतीण आजारी पडावी, हे त्यांचे मनास फार लागले.

तेव्हा राज्याचे दिवाण भुजंगराव यांणी दूरदेशीहून एक पेटी आणविली. पेटी कपाटासारखी, कमरेएवढी उंच, पोलादी, खाली चार चाके, दोहों बाजूंस मुठी, आत पाच खण, तळाशी बॅटरी, आणि दारावर आतली ऊब अंकांनी दिसे. खासा समारंभ जाहला, नारळ फुटला आणि पेटी टेंपोत चढली. म्हाळसाबाई जातीने बरोबर गेल्या. परंतु मनास धीर नाही. पेटी चालते की बंद पडली, अन्न ऊन आहे की निवाले, म्हणोन वाटेत पाच वेळा दार उघडोन डब्यास हात लाविला, आणि दर वेळी वाफेचा लोट बाहेर गेला, आणि बॅटरी ती ऊब भरून काढिता काढिता थकली. वर पोचले तो पेटी मुकी. दाक्तरीणबाईंनी काटा लाविला, पन्नास भरले, आणि बोलल्याप्रमाणे सारे अन्न ओतविले. बाळंतिणींनी त्या दिवशी दूध आणि बिस्किटे खाल्ली. कोपऱ्यातील एक जण हळूच बोलली, "आक्का, पेटी आली तरी आमच्या वाट्याला गारच का?" खाली येताच दिवाण बोलिले, "पेटी निकामी. परत पाठवितो. यापुढे दूध-बिस्किटांवरच भागवा." तेव्हा बाई पुढे होऊन बोलिल्या, "रावसाहेब, पेटी निकामी नाही, मी अडाणी. मला आठ दिवस द्या. तोवर दाक्तरीणबाई बिस्किटं देतील, पण नवव्या दिवशी मी ऊन वरणभात वाढीन." दिवाण हासले आणि बोलिले, "आठच."

मग बाईंनी आठ दिवस पेटीचा पिच्छा पुरविला. डब्यांत उकळते पाणी भरोन पेटीत ठेवीत आणि घड्याळ लावोन बसत आणि दर अर्ध्या घटकेस दारावरील अंक भिंतीवर कोळशाने लिहीत. पहिले दिवशी थंड पेटीत डबे घातले, ते पेटीनेच त्यांची ऊब गिळिली. दुसरे दिवशी पेटी आधी भिंतीच्या विजेवर लावोन तापविली आणि मग डबे घातले, तो ऊब टिकली. तिसरे दिवशी कोमट पाणी घातले, ते कोमटच राहिले. तेव्हा उमगले की पेटी रांधीत नाही, जे दिले ते राखिते. चौथे दिवशी खण अर्धे रिकामे ठेविले, ऊब लवकर गेली. पाचवे दिवशी रिकाम्या जागी उकळत्या पाण्याचे बंद डबे ठेविले, ऊब राहिली. दाराची रबरी कड एके ठिकाणी दुमडली होती, ती इब्राहीमभाईंनी नीट बसविली आणि बोलिले, "बाई, गळती इथंच होती बघा." बॅटरी रात्रभर भरोन घ्यावी, उबेची कळ उंचावर ठेविली तर बॅटरी चार तासांत संपते आणि पासष्टावर ठेविली तर सहा तास पुरते, आणि मुख्य ते हे की दार उघडावयाचे नाही, काही जाहले तरी उघडावयाचे नाही. हे सारे बाईंनी आठ दिवसांत स्वतः शिकोन घेतले. त्यांचे हात पोळले, डोळे लाल जाहले, परंतु भिंत अंकांनी भरली.

मार्गशीर्ष वद्य नवमीस नववा दिवस उगवला. पहाटे बाईंनी पेटी विजेवर तापविली, वरण उकळते असताच डब्यात ओतले, भात वाफेसकट दाबला, मेथीची भाजी, खिमट आणि तुपाची वाटी निराळी, आणि दार लावोन कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोविली. साडेदहास टेंपो निघाला. दारावरील अंक ऐंशी. सातव्या वळणापर्यंत निर्विघ्न गेले, आणि तेथे पाहतात तो उसाची भरलेली ट्रॉली उलटोन रस्ता पूर्ण अडला, ऊस कमरेएवढा पसरलेला, आणि दोहों बाजूंस गाड्यांची रांग. खालून क्रेन यावयास तीन तास, म्हणोन बातमी आली. बाईंनी तत्काळ कळ फिरवोन ऊब पासष्टावर आणिली आणि इब्राहीमभाईंची घोंगडी पेटीभोवती गुंडाळिली, मात्र मागची जाळी मोकळी ठेविली, कारण तेथून यंत्र श्वास घेते, हे त्यांस शिकता कळले होते. मग पेटीपाशी बसोन राहिल्या. बारा वाजले, अंक एकाहत्तर. साडेबारा, अडुसष्ट, आणि बॅटरीच्या पाच रेघांपैकी दोन उरल्या. थंडीने तिची ताकद लवकर ओढिली, हे बाईंच्या भिंतीवर कोठे लिहिलेले नव्हते.

तेच रांगेत दिवाण भुजंगराव यांची मोटार होती. इस्पितळ पाहावयास निघाले होते, बरोबर दोन पाहुणे, सकाळपासोन पोटात अन्न नाही. पेटी पाहोन टेंपोपाशी आले आणि बोलिले, "म्हाळसाबाई, बरे जाहले भेटला. तीन पाने वाढा. वर पोचेल तेव्हा पोचेल." बाई उभ्या राहिल्या, हात जोडिले, आणि बोलिल्या, "रावसाहेब, दार उघडता येणार नाही."

"तीन पानांनी काय कमी होणार आहे?"

"तीन पानांनी नाही. दार उघडण्यानं होतं. एकदा उघडलं की चार-पाच अंश जातात, ते भरून काढायला आता बॅटरी नाही. मग बेचाळीस जणींचं ओतावं लागंल."

दिवाणांचा चेहरा पडला, पाहुण्यांदेखत अपमान वाटला, आणि आवाज चढवोन बोलिले, "ही पेटी राज्याची आहे आणि तुमची नोकरीही राज्याची आहे." तेव्हा बाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरिली. आणि बोलिल्या, "नोकरी काढून घ्या, मी सही करते. पण किल्ली बाळंतिणींचं जेवण झाल्यावर देईन." दिवाण मोटारीकडे परत गेले. इब्राहीमभाई हळू बोलिले, "बाई, आता इथं बसून पेटी मरंल." बाई बोलिल्या, "बसायचं नाही. उचलायची."

इब्राहीमभाई वळणावर चढोन गेले, फोन लागेल ऐशी जागा शोधिली आणि इस्पितळास सांगितले की, उसापलीकडे रुग्णवाहिका उभी करा. बाईंनी रांगेतील गाडीवानांस हाक दिली, "बेचाळीस बाळंतिणी उपाशी आहेत, आठ खांदे पाहिजेत." ट्रॉलीचे दोन वासे मुठींतून ओविले आणि पेटी उभीच्या उभी उचलिली, कारण ती आडवी होता कामा नये. ऊसतोडणीची माणसे कोयत्यांनी वाट मोकळी करू लागली. परंतु खांदे सहाच जमले आणि पेटी एका बाजूस कलू लागली. तेव्हा दिवाणांनी कोट काढोन पाहुण्याच्या हाती दिला आणि मागच्या वाशास खांदा दिला, आणि आपल्या मोटारचालकास बोलाविले, "तूही ये." म्हाळसाबाई पुढे चालत आणि पायाखाली ऊस फिरला की ओरडत, "हळू! डावीकडं! थांबा, पाय रोवा!" ऐसे करिता करिता पाऊण घटकेत पेटी पलीकडे गेली. बॅटरीची शेवटली रेघ लुकलुकत होती. रुग्णवाहिकेत चढविली आणि अर्ध्या वाटेत अंक विझले.

इस्पितळी दोन वाजता पोचले. दाक्तरीण अनसूयाबाई काटा घेऊन दारातच उभ्या. बाईंनी किल्ली लाविली, दार उघडिले, वाफ तोंडावर आली. भात चौसष्ट, भाजी त्रेसष्ट, खिमट त्रेसष्ट. वरचे खणातील वरण अठ्ठावन्न. इब्राहीमभाई बोलिले, "दोन अंशांनी काय बिघडतंय?" दाक्तरीणबाई बोलण्याआधीच म्हाळसाबाई बोलिल्या, "बिघडतंय. मी पाहिलंय काय बिघडतं ते. हे वाढायचं नाही." बाकी डब्यांवर पेटीचे दार पुन्हा घट्ट लाविले, आणि वरणाचा डबा जातीने चहाच्या शेगडीवर नेला आणि खालून वरून ढवळीत उभ्या राहिल्या. शेगडी लहान, वरण बहुत. अर्धा तास लागला, भुकेल्या बायका चुळबुळ करीत होत्या, दिवाण भिंतीस टेकोन उभे होते, तरी बाईंनी मधे एक पळीही उचलिली नाही. वरणास खदखदून उकळी फुटली, तेव्हा पाने वाढिली. भागीरथी म्हणोन तीन दिवसांची बाळंतीण होती, तिणे पहिला घास घेतला आणि दचकोन हात झटकिला, आणि बोलिली, "आक्का, भाजतंय की!"

म्हाळसाबाई तेथेच खाटेच्या कडेवर बसल्या आणि पदराने तोंड झाकोन घेतले. मग बोलिल्या, "फुंकून खा, बाई. सावकाश खा."

येणेप्रमाणे जाहले. पेटी राज्यात राहिली, दिवाणांनी नोकरीचा विषय पुन्हा काढिला नाही, आणि फाल्गुनात दुसरी बॅटरी आणविली, तिची मागणी स्वहस्ते लिहिली. इस्पितळी त्यानंतर अन्न ओतावे लागले नाही. पेटीची ताकद थोडी होती, राखणारीचा निग्रह मोठा होता, म्हणोन बेचाळीस पाने ऊन पडली. लिहिणाराने वासा धरिला होता, खांदा अजून दुखतो, म्हणोन यात खोटे नाही.