सडसठवाले भाऊजी

चार वर्षांपूर्वी मी एक वाद जिंकले आणि त्या आनंदात गल्लीभर मावा जिलेबी वाटली. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय. एकोणिसाव्या वर्षी एका नटानं लग्न केलं म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. त्याचा फोटो मी आईच्या कपाटात कागदाखाली लपवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी आईनं नेमका तोच कागद ओढून त्यावर भजी निथळायला घातली, तेव्हा कुठं मी उठले आणि चार खाल्ली. पण ते सगळे मूर्खपणे माझ्यापुरते होते. हा जिलेबीचा तसा नव्हता. आणि तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते, त्यामुळे पोरवय होतं असंही सांगता येत नाही.

वाद जिंकले तो महाजन भाऊजींशी. भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र. बुऱ्हाणपुरात आमच्याच गल्लीच्या टोकाला, जुन्या टॉकीजच्या पाठभिंतीला चिकटलेल्या दोन खोल्यांत राहतात. एका केळीच्या व्यापाऱ्याकडं त्यांनी जन्मभर माल पारखायचं काम केलं. पहाटे निंबोल्याच्या नाहीतर खकनारकडच्या बागेत जायचं, फळाची कड बोटानं चाचपायची आणि "चार दिवस थांबा" किंवा "आज घड काटा" एवढंच बोलायचं. बायको फार लवकर गेली. पुन्हा लग्न केलं नाही. मी सत्तर साली लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला त्यांच्याबद्दल एवढंच सांगण्यात आलं होतं. ते स्वतः काही सांगत नसत, विचारत मात्र.

भेटल्यावर लोक "जेवण झालं का" विचारतात. भाऊजी विचारायचे, "साठ ते एकोणसत्तरमधलं सगळ्यात भारी साल कोणतं?"

सिनेमाचं साल, असं समोरच्यानं समजून घ्यायचं. भाजीवाली, पोस्टमन, लाइट बिल वाटणारा, कोणीही सुटलं नाही. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा भाऊजींनी नवरदेवाच्या वडिलांना विचारलं, "आपलं साल कोणतं?" ते बिचारे म्हणाले, "अठ्ठेचाळीस." भाऊजी मान हलवत म्हणाले, "साठच्या आतलं आम्ही धरत नाही." लग्न तरीही जमलं, हे त्या लोकांचं मोठेपण.

स्वतः भाऊजींचं साल ठरलेलं. सदुसष्ट. गल्लीतली पोरं त्यांना सडसठवाले बाबाच म्हणायची. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक बसे. आमच्या ह्यांचं साल पासष्ट, कारण त्या वर्षी ते कॉलेजात नापास झाले आणि एकही पिक्चर सुटला नाही. गुप्ताजींचं बासष्ट. "भाई, बासठ के बाद तो सब बकवास है," एवढं बोलून ते तंबाखू मळत बसायचे. माझं एकोणसत्तर. त्या भज्यांखालच्या नटाचं ते साल.

पण भाऊजींशी वाद घालणं सोपं नव्हतं, कारण नियम त्यांचे होते. पहिला नियम, साल बुऱ्हाणपूरचं. मुंबईत पिक्चर कधी लागला याच्याशी आपल्याला काय करायचंय? लोखंडी पेटीतून रिळं रेल्वेनं इथल्या स्टेशनवर उतरली ते त्याचं साल. आता मी भुसावळची. आमच्याकडं पिक्चर इथल्यापेक्षा वर्षभर आधी यायचे. त्यामुळे मी कोणतंही नाव घेतलं की भाऊजी बोटं मोडत म्हणायचे, "तो इथं आला सत्तरला. आणि तो दुसरा एकाहत्तरला. साठीतून बाहेर गेले, वहिनी. बाद." असं माझं अख्खं साल त्यांनी एका संध्याकाळी रिकामं केलं.

दुसरा नियम घडाचा. "एक फणी मोठी म्हणून घड भारी होत नाही, वहिनी. खालपर्यंत पाहा. सडसठचा घड पाहा, शेवटच्या केळ्यापर्यंत भरलेला!" त्यांच्या मते त्या सालात वाईट पिक्चर आलाच नाही. मी म्हणायची, अहो, वर्षभरात एकही रडका, टुकार पिक्चर नाही, असं साल जगात कधी झालंय का? तर म्हणायचे, "बुऱ्हाणपूरला झालं."

आणि गंमत म्हणजे हा माणूस टॉकीजला कधी यायचा नाही. आम्ही घोळका करून निघालो की भाऊजींचं पोट दुखायचं, नाहीतर अचानक निंबोल्याला जावं लागायचं. पुढं घरोघरी टीव्ही आले. जुना पिक्चर लागला की भाऊजी चहा अर्धा टाकून उठायचे. "टीव्हीवर काटून दाखवतात," म्हणायचे. मी मागून ह्यांना म्हणायची, तुमचा मित्र खाण्यावर भाषणं देतो आणि ताट वाढलं की पळतो. पन्नास वर्षं मला हा विनोद पुरला. त्यामागं काही असेल असं एकदाही वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझी नात ऋचा इंदूरहून आली होती. आमची बैठक बघून ती म्हणाली, "आजी, ये क्या, रोज वही झगडा! एकदाचं फायनल करून टाका ना. प्रत्येकानं आपल्या सालातला बेस्ट सीन सांगायचा, मग व्होटिंग." ऊन उतरलं होतं, मागच्या गल्लीतले यंत्रमाग त्या दिवशी बंद होते, ओट्यावर छान शांतता होती. गुप्ताजींनी एक मारामारी सांगितली. ह्यांनी एक गाणं म्हटलं, त्यामुळे पासष्ट तिथंच पडलं.

मग भाऊजी एका पिक्चरचं नाव घेऊन बोलायला लागले. स्टेशनावरचा निरोप. नायक डब्याच्या दारात, नायिका फलाटावर. "जांभळी साडी नेसलीय. पिकल्या जांभळासारखी. पदराला चांदीची बारीक किनार. वाऱ्यानं पदर उडतोय आणि ती तो आवरत नाहीये, कारण दोन्ही हातांनी तिनं त्याच्या जेवणाचा डबा धरलाय. गाडी सुटते तरी डबा तिच्याच हातात."

गुप्ताजींचं तंबाखू मळणं थांबलं. ऋचानं गालावर हात ठेवला. मत भाऊजींच्या पारड्यात चाललं होतं, हे मला दिसलं. आणि त्याच क्षणी मला दुसरंही काही आठवलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "हा पिक्चर मी भुसावळला पाहिलाय. तो काळा-पांढरा होता."

"भुसावळला असेल," भाऊजी म्हणाले. "आमच्याकडं जांभळीच होती."

सगळे इतके हसले की रस्त्यानं जाणारा रिक्षावाला थांबून बघायला लागला. इथं मी थांबायला हवं होतं. हसून झालं होतं, वाद मी जिंकले होते. पण पन्नास वर्षांत या माणसानं मला एकदाही जिंकू दिलं नव्हतं. मी ऋचाला म्हटलं, काढ गं तो सीन. तिनं मिनिटभरात काढला. भाऊजी उठायला लागले, "राहू द्या, फोनवर काटून दाखवतात." मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून त्यांना खाली बसवलं. हो, धरून बसवलं. आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

काळा-पांढरा फलाट. पांढरी साडी, किनारबिनार काही नाही. वाराही नाही. हातात डबा नव्हता, नुसती एक पिशवी होती.

भाऊजींनी शेवटपर्यंत पाहिलं. फोन ऋचाच्या हातात दिला, "छान आहे," म्हणाले. मग गुप्ताजींकडं वळून म्हणाले, "तुमचं बासष्टच बरोबर असेल." आणि चपला घालून गेले.

त्यांनी सदुसष्ट सोडलं! मला स्वर्ग दोन बोटं उरला. लगेच जिलेबी मागवली. गल्लीत वाटली, आणि दोन जिलेब्या वाटीत घालून भाऊजींकडंही पाठवल्या. त्या वाटीची मला आजही लाज वाटते.

आठ दिवस भाऊजी ओट्यावर आले नाहीत. नवव्या दिवशी आले, बसले, चहा प्यायले. गुप्ताजींनी मुद्दाम छेडलं, "क्यों भाई, कौन सा साल?" भाऊजी म्हणाले, "कोणतंही चालेल." मी घाईघाईनं म्हटलं, "मला तर वाटतं सदुसष्टच खरं." ते म्हणाले, "असेल." साठ सालापासूनचा सगळा सिनेमा त्या ओट्यावरून उठून गेला होता आणि आम्ही चौघं म्हातारे रिकाम्या कपबशा घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. जाताना डब्यात दराबा मिठाई नेली आणि एक थाप तयार करून नेली. "भाऊजी, ऋचाची गडबड झाली हो. तिनं दुसराच पिक्चर लावला होता. तुमचा तो वेगळाच."

भाऊजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "आवाज ओळखतो मी, वहिनी. 'जपून जा' म्हणताना तिचा आवाज जरा चिरतो. तोच होता पिक्चर."

मग त्यांनी खाटेला लागून असलेल्या भिंतीवर हात ठेवला. पलीकडं आता कापडाचं गोदाम आहे. तेव्हा तिथं टॉकीजचा पडदा होता, आणि पडद्यामागं भोंगे.

त्यांच्या बायकोचं नाव विमल. पन्नास वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच तिला मणक्याचा क्षय झाला. डॉक्टरांनी फळीवर उताणं निजवलं, कूससुद्धा बदलायची नाही. भाऊजी पहाटे बागेत जायचे आणि तीनच्या खेळाआधी घरी यायचे. तिची खाट याच भिंतीला लावलेली.

"ऐकू सगळं यायचं. दिसायचं काही नाही," भाऊजी म्हणाले. "मग दिसायचं ते ती सांगायची. आता तो जिना चढतोय. आता तिनं दिवा लावला. आता बघा, सासरा दारामागं उभा आहे."

"त्यांना कसं कळायचं?"

"तिला तरी कुठं कळत होतं? मनानंच सांगायची. दोन आठवडे एकच पिक्चर, पण रोज साड्या वेगळ्या. मी म्हणायचो, अगं, काल हिरवी होती, आज पिवळी कशी? तर म्हणायची, बाई माणूस आहे ती, रोज तीच नेसेल का? स्टेशनावरची जांभळी तेवढी कधी बदलली नाही. म्हणायची, निरोप द्यायला माणूस चांगलंच नेसतं."

मी दराब्याचा डबा हातात धरून तशीच उभी होते. ठेवायचं सुचलं नाही.

सदुसष्ट साली ती होती तोवर आठ पेट्या आल्या. आठही पिक्चर त्या दोघांनी या भिंतीपाशी पाहिले. टुकार, रडके, सगळेच असणार त्यात. पण सांगणारीनं एकही टुकार सांगितला नाही. नववी पेटी आली तेव्हा खाट रिकामी होती. ते दोन आठवडे भाऊजी दुपारचे घरी आले नाहीत, बागांमधूनच हिंडत राहिले.

"त्यातला एकही पिक्चर नंतर पाहिला नाही मी. पाहिला असता तर तिनं सांगितलेलं सगळं खोटं झालं असतं ना. नाही पाहिला तोवर खरंच होतं ते." भाऊजींनी भिंतीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "आता ती साडी आठवायला बसलो की पांढरीच येते. आणि बोलत असते ती भिंतीपलीकडली. विमलचा आवाज मागं कुठंतरी राहतो."

मी जन्मभर तोंडाळ. लग्नात, मयतीत, दवाखान्यात, मला शब्द कमी पडले नाहीत. त्या दिवशी मात्र माझ्याकडं एकच वाक्य होतं. "चुकलं माझं, भाऊजी."

भाऊजींनी माझ्या हातातून डबा घेतला, कोनाड्यात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"तुमचं कसं चुकलं, वहिनी? फोन तुम्ही धरला होता, पण डोळे मिटणं तर माझ्या हातात होतं. नाही मिटले मी. वाटलं, एकदा पाहून घ्यावं."