दाजींचा वळसा

कोयनेच्या बॅकवॉटरला माणसं लाँचमध्ये बसायला जातात. आमचे दाजी तिथं लाँच टाळायला जातात. समोरचा काठ दिसत असतो, काठावरची म्हैस दिसत असते, म्हशीच्या पाठीवरचा बगळासुद्धा दिसत असतो. लाँचनं गेलं तर पंधरा मिनिटं. पण दाजी काठी उचलतात, पाण्याकडं एकदा प्रेमानं बघतात आणि म्हणतात, "चला पावणं, वळसा घालू." हा वळसा चार तासांचा असतो, जंगलातून असतो आणि पावणं म्हणजे मी असतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. वय त्र्याहत्तर. मूळचे म्हसवडकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, पण दाजी गाडी चालवायला शिकले आणि तीस वर्षं माणदेशात पाण्याचा टँकर चालवला. त्यामुळं वर झाकण आणि खाली तोटी असेल तेवढंच पाणी भरवशाचं, असं त्यांचं ठाम मत आहे. "एवढं मोकळं पानी! ना झाकन, ना तोटी. त्याच्यावर बसून जायाचं म्हंजे काय चेष्टा हाय व्हय?"

बघायला मात्र त्यांना पाणीच लागतं. कुठलंही तळं दिसलं की ते टोपी काढतात आणि विचारतात, "ह्यात किती खेपा बसतील, पावणं?" मी सांगलीच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं लॅब असिस्टंट होतो. मापाचा प्रश्न आला की माझा अहंकार जागा होतो. एकदा कासच्या तलावावर मी फोन काढला, लांबी-रुंदी धरली, खोली अंदाजानं घातली आणि पाऊण तास आकडेमोड करून टँकरच्या खेपांचा आकडा सांगितला. दाजींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "गळती धरली का?"

निवृत्त झाल्यावर मी मुलाकडं साताऱ्याला राहायला आलो आणि डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. त्यांच्या मनात कॉलनीतली एखादी फेरी असणार. मी ही गोष्ट दाजींच्या कानावर घातली, ही माझी चूक. तेव्हापासून दर शनिवारी पहाटे दाजी आमच्या फाटकाची कडी वाजवतात. मुलानं मला भारी बूट, मानेवर फडकं लोंबणारी टोपी आणि घडी होणारी काठी आणून दिली. पहिल्याच उतारावर काठीची आपोआप घडी झाली, पाठोपाठ माझीही झाली. दाजींच्या पायात टायरच्या चपला आणि खांद्याला पिशवी. पिशवीत भाकरी, ठेचा आणि कांदा, दोघांपुरता.

सबबी सांगून बघितल्या. पाय दुखतो म्हटलं, तर "चालल्याबिगर कसा मोकळा हुईल?" संकष्टीचा उपास आहे म्हटलं, तर "मग तर अंग हलकं हाय, चला." एकदा घरी पाहुणे येणार म्हणून खोटंच सांगितलं. दाजी म्हणाले, "त्यास्नीबी घिऊ." तेव्हापासून मी पाहुण्यांचा नाद सोडला.

जंगलाच्या वाटेवर दाजी कायम मागं चालतात. मेंढरांची सवय. "म्होरं चाललं की मागचं कवा बसलं ते कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मागचं बसणारं मेंढरू मीच. एखादा सपाट दगड दिसला की माझं लक्ष जातं आणि तेवढ्यात पाठीमागून जिभेचा आवाज येतो, "हुर्र, हुर्र!" सुरुवातीला मला राग यायचा. मी शिकलासवरलेला माणूस. पण खरं सांगायचं तर त्या आवाजाबरोबर माझे पाय आपोआप उचलायला लागले आहेत. परवा बाजारात कुणीतरी गाढवाला हाकलत होतं, तर मी चार पावलं भराभर पुढं गेलो.

आक्का होती तेव्हा ती यायची दाजींबरोबर. तिला लाँचचा भारी सोस. एकदा ती हट्टानं बसली. लाँच निघाली आणि दाजी काठाकाठानं तिच्या बरोबरीनं चालायला लागले, मग पळायला लागले. आक्का लाँचमधून हात हलवत होती आणि हे काट्याकुट्यातून "घट्ट धर, घट्ट धर" म्हणून ओरडत होते. लाँचमधली सगळी माणसं हसत होती आणि आक्का सगळ्यांना सांगत होती, "ते आमचे मालक हायत." तीन वर्षांपूर्वी आक्का गेली. मुलगी कराडला दिलेली. साताऱ्यातच गोडोलीतल्या दोन खोल्यांत आता दाजी एकटेच असतात.

गेल्या महिन्यात मी ठरवलं की आता पुरे. माझी साखर काही उतरत नव्हती, मीच तेवढा उतारांवरनं उतरत होतो. दाजींना सरळ सांगायचं की पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही. घरून निघताना वाक्यही जुळवलं होतं. गाडीत सांगू म्हटलं, तर दाजींनी मला खिडकीची जागा दिली. भाकरी खाताना सांगू म्हटलं, तर त्यांनी कांदा फोडून मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला. मी ते वाक्य घेऊन, लाँच जिथून सुटते त्या बामणोलीपासून पलीकडच्या काठापर्यंत अख्खा वळसा चाललो.

पलीकडं एक लहानसं देऊळ आहे. तिथून परत फिरताना पुन्हा एक सपाट दगड दिसला. मी त्याच्याकडं वळलो, ओल्या शेवाळावरनं पाय सटकला आणि घोटा मुरगळला. पाच मिनिटांत तो बुटात मावेना. दाजींनी पिशवीतलं फडकं पाण्यात भिजवून घट्ट बांधलं, मला खांदा देऊन काठावर आणलं. नशिबानं दुधाचे कॅन घेऊन बामणोलीला जाणारी लाँच तिथं लागली होती.

"दोघंबी बसा की, काका," लाँचवाला म्हणाला. "पंदरा मिन्टांचं काम हाय."

"बुडायला दोनच मिन्टं लागत्यात," दाजी म्हणाले. तरी माझ्यासाठी त्यांनी एक पाय आत टाकला. लाँच जराशी हलली आणि दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पाय काढून घेतला. "तुमी व्हा म्होरं. मी आलो वळसा घालून."

"दाजी, आवं चार तासांची वाट! एकटे कसे येणार?"

"यीन की. तितं धक्क्यावर बसा. कुटं जाऊ नगा."

एक वाजला होता. लाँच निघाली तसे ते झाडीत शिरले, मागं वळूनही बघितलं नाही. पंधरा मिनिटांत मी धक्क्यावर होतो. सुरुवातीला, लपवत नाही, मला बरं वाटलं. सावली होती, चहाची टपरी होती, पायावर पाणी ओतायला सबंध तलाव होता. मी कांदाभजी मागवली. दोन वाजता मात्र मी सारखा झाडीकडं बघायला लागलो. त्या वाटेवर गवे असतात. अस्वलंही दिसतात म्हणे. फोनला रेंज नाही. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस आणि आपण त्याला एकट्याला जंगलात सोडून इथं भजी खातोय. टपरीवाल्याला मी तीनदा विचारलं की कुणाला बघायला पाठवता येईल का. तो म्हणाला, "पाच वाजंस्तवर काळजी करू नगा." मी करतच राहिलो. घाबरल्यावर मला भूक लागते, हा आमच्या घराण्याचा दोष आहे, म्हणून दुसरी बशी मागवली.

साडेतीनला झाडीतून कुणीतरी पळत येताना दिसलं. टोपी हातात, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, पोटऱ्यांवर कारवीचे ओरखडे. दाजी होते. चार तासांची वाट त्यांनी अडीच तासांत मारली होती. धक्क्यावर येऊन ते माझ्याशेजारी मटकन बसले. मी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत राहिलो.

"दाजी, एवढी घाई कशाला केलीत? मी कुठं पळून चाललो होतो?"

दाजी पाण्याकडं बघत होते. खेपांचं काही बोलले नाहीत. "टँकरवर हुतो तवा गावंच्या गावं वाट बगायची," ते म्हणाले. "मग तुमची आक्का बगायची. आता घरी जाऊन कुलूप काडायचं. कुलपाला काय, कवाबी गेलं तरी चालतंय. म्हनून तर ह्यो वळसा घालत बसतो. आज तुमी हितं बसलाय, ते डोसक्यात आलं आन पाय थांबंनात बगा."

मला रडू आलं. भज्यातली मिरची लागली असं मी सांगितलं, पण डोळे पुसायला त्यांनीच टोपी पुढं केली.

सकाळपासून जुळवून आणलेलं ते वाक्य माझ्या तोंडात होतं. तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "दाजी, पुढच्या शनिवारी असं करू. मी इथंच धक्क्यावर बसतो, तुम्ही वळसा घालून या. तुम्ही येईस्तोवर मी हलायचा नाही." यात माझी माया किती आणि आळस किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग बशीकडं. "भजी खात बसनार व्हय?"

"नाही खाणार."

"खावा की. पन माजी ठिवा."

बशीत एकच उरलं होतं. ते मी त्यांच्यापुढं केलं.