लोणावळ्याच्या सगुणाबाई

"वहिनी, या आठवड्यात वाघ कुठं सोडू?"

आमच्या शेजारचे दत्तोपंत दर गुरुवारी संध्याकाळी कुंपणावरून मला विचारत. मी पदर सारखा करून म्हणे, "तुम्हीच ठरवा." मग ते म्हणत, "खोटं कशाला सांगू, औंढ्याला सोडून बरेच दिवस झाले."

"खोटं कशाला सांगू" हे त्यांचं पालुपद होतं. दत्तोपंत जकात नाक्यावर कारकून होते आणि पुण्याच्या एका साप्ताहिकाचे लोणावळ्याचे वार्ताहर. लोणावळ्यात चार महिने पाऊस आणि उरलेले महिने मुंबईचे शेठ, बाकी काही घडत नाही, अशी त्यांची तक्रार असे. "पाऊस पडला हे संपादक छापत नाहीत. वाघ छापतात." म्हणून ते वाघ सोडत. वाघाला विश्रांती द्यायची असली की घाटात दरड पाडत. दरडीखाली माणसं मात्र परगावचीच घेत. गावातलं घेतलं तर तो माणूस नाक्यावर भांडायला येई.

औंढ्याचे रामभाऊ आमच्याकडे दूध घालत. एका सकाळी त्यांनी कासंडी ओट्यावर आदळली आणि ते कुंपणापलीकडे ओरडले.

"पंत, आमच्या औंढ्यात वाघ आलाय व्हय? मला कसा न्हाई गावला?"

"झोपला असाल."

"आवो, पोरगी बघाया येनारं पाव्हणं फिरलं की! वाघाच्या गावात कोन पाय ठेवतंय म्हनं!"

पुढच्या अंकात औंढ्याच्या रामभाऊंनी कुऱ्हाडीच्या एका घावात वाघ मारला. पाहुणे धावत आले, लग्न ठरलं. रामभाऊ खरवस घेऊन आले, पण तोंड उतरलेलंच. "पंत, समदी कातडं बघाया मागत्यात. आता कातडं कुटनं आनू?"

बातम्यांतल्या या सगळ्या पशुहत्येत एक बाई नेमानं येत. सौ. सगुणाबाई. त्यांनी स्टेशनाजवळ पाणपोई घातली, इंदुरीच्या शाळेला घंटा दिली, बायकांच्या सभेत भाषण केलं. मला वाटे, असेल कोणी बंगलेवाली. मी फारशी बाहेर पडत नाही, त्यामुळे दिसली नाही याचं नवल नव्हतं.

मग संपादकांचं पत्र आलं. साप्ताहिकाला नवा छापखाना घ्यायचा होता. सगुणाबाईंसारख्या उदार बाईंना भेटायला ते स्वतः रविवारी येणार होते.

दत्तोपंत आमच्याकडे आले. ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "अशी बाई लोणावळ्यात नाही. कळलं तर वार्ताहरकी जाईल. वहिनींनी घटकाभर सगुणाबाई म्हणून बसावं. देणगीला मी फाटे फोडीन."

मी मान हलवून नको म्हटलं. हे म्हणाले, "बसायचंच तर आहे. बोलत तर तू घरीही नाहीस."

रविवारी दत्तोपंतांनी एक हिरवं इरकली लुगडं आणून दिलं. कापराचा वास येत होता. मी ते नेसून त्यांच्या ओटीवर गेले. दत्तोपंत पाट मांडत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पाट हातातच राहिला.

"नको, वहिनी."

"काही चुकलं का?"

"तुमचं नाही. लुगडं तिचं आहे. नावही तिचंच." आम्ही इथं बिऱ्हाड करण्याआधीच त्यांची बायको तापानं गेली होती, एवढं मला माहीत होतं. नाव कोणी सांगितलं नव्हतं. "ती होती तेव्हा कधी नावानं हाक मारली नाही. रीत नव्हती," ते म्हणाले. "त्या नावावर दुसरं कोणी बसलेलं बघवत नाही."

तेवढ्यात संपादकांचा टांगा आला. मी आत चहा ठेवला. ओटीवरचं सगळं ऐकू येत होतं.

"अशी बाईच नाही? ही वाचकांची फसवणूक आहे, दत्तोपंत!"

"आणि वाघ?"

"वाघाची गोष्ट वेगळी. वाघानं अंक खपतो." संपादक थोडे निवळले. "बरं, झालं ते झालं. बाईंची निधनवार्ता पाठवा आणि मोकळे व्हा. तुमचं काम चालू राहील."

पाट सरकवल्याचा आवाज आला.

"पाठवली होती," दत्तोपंत म्हणाले. "ती गेली तेव्हा. दोनच ओळी होत्या, आणि खऱ्या होत्या. तुमच्याकडे जागा नव्हती. आता मी पाठवणार नाही."

संपादक चहा न घेताच गेले. मी लुगडं घडी करून परत दिलं.

आता लोणावळ्याच्या बातम्या दुसरं कोणी पाठवतं. खऱ्या असाव्यात, कारण कोणी वाचत नाही. वाघ फिरकलेला नाही. रामभाऊ म्हणतात, "पंतांचं काम गेलं आन् आमच्या गावाची शान गेली."

दत्तोपंत मात्र गुरुवारी कुंपणापाशी येतात. परवा म्हणाले, "वहिनी, सगुणाबाईंनी तळेगावला मुलींना पाट्या वाटल्या."

मी लसूण सोलत होते. एरवी "बरं" म्हणून गप्प बसते. त्या दिवशी विचारलं, "मग तिकडून परत कधी आल्या?"

ते कुंपणाच्या काठीवरची साल काढत राहिले.

"खोटं कशाला सांगू, वहिनी," म्हणाले. "अजून आल्या नाहीत."