रिकाम्या जात्याचा ठराव

मनुष्य आणि यंत्र यांच्या संबंधाच्या इतिहासात एक नियम आढळतो. पुरुषाचे कष्ट वाचवणारं यंत्र गावात आलं, की ते वापरलं जातं. बाईचे कष्ट वाचवणारं यंत्र आलं, की त्यावर आधी विचार केला जातो.

सन पस्तीसच्या सुमारास शेलूबाजारात असा विचार करणारे मुख्य गृहस्थ म्हणजे पुंजाजी. (वावरात गडी राबत असल्याने विचाराला सवड होती.) यंत्राशी त्यांचं वैर मुळीच नव्हतं. चकमक टाकून काडीपेटी त्यांनी एका संध्याकाळात स्वीकारली. सायकल अकोल्याहून आणली आणि ती शिकेपर्यंत मागून धरायला एक माणूस ठेवला. मंगरूळला जायला मोटार सुरू झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत ते पुढच्या बाकावर होते. बैलांना काय वाटेल हा प्रश्न त्यांना पडला नाही.

मग दिलावरने बाजारात पिठाची चक्की घातली. दिलावर पूर्वी कापसाच्या जिनात इंजिनावर होता, त्यामुळे हाताला तेल आणि कानाला बहिरेपणा दोन्ही तयार होते. धुराड्याच्या तोंडावर त्याने टिनाची टोपी बसवली होती, ती दिवसभर कुक् कुक् करी. आवाज चहूकडच्या खेड्यांत जाई. जाहिरातीचा वेगळा खर्च नव्हता.

पुंजाजींच्या बायकोचा, म्हणजे रुख्मिणीचा, उजवा खांदा बरेच दिवस वर जात नव्हता. वेणी शेजारीण घालून देई. पण जात्याचा खुंटा खालीच असतो, सबब दळणाला या दुखण्याचा अडथळा नाही, असा पुंजाजींचा अभ्यास होता.

"अवो," ती एकदा म्हणाली, "ज्वारी चक्कीवर पाठवू का? खांदा लय दुखून राह्यला."

"चक्कीत पीठ तापते. त्यातलं सत्त्व जळून जाते."

"अन् माह्या खांद्यातलं?"

"ते घरच्या घरीच राह्यते," पुंजाजी म्हणाले, आणि विषय पारावर नेला.

पारावर चक्कीविरुद्ध पुढील आक्षेप निघाले. एक, पीठ जळकं येतं (हा शोध जगदेव यांचा, त्यांनी चक्की अद्याप पाहिलेली नव्हती). दुसरा, एकाच दगडाखाली साऱ्या गावाची ज्वारी जाते, तेव्हा कोणाच्या भाकरीत कोणाच्या ज्वारीचा कण आला हे सांगता यायचं नाही. तिसरा, दळणाच्या निमित्ताने बाया एका ठिकाणी जमतील आणि बोलतील. हा ऐकून जगदेवांनी तोंडातलं पान थुंकलं, इतका तो गंभीर होता. पण सर्वांत वजनदार आक्षेप पुंजाजींचा. पहाटे जातं घरघरलं नाही, तर पुरुषमाणसाला दिवस निघाल्याचं कळणार कसं? जात्याच्या आवाजात कूस बदलून पुन्हा झोपण्यात जे समाधान आहे, त्यावरच घर उभं असतं. सबब जातं चालू राहावं, असं ठरलं.

रुख्मिणीने ऐकून घेतलं. जातं रोज पहाटे घरघरू लागलं. पुंजाजींना भाकरीही पूर्वीपेक्षा मऊ लागू लागली, आणि एके दिवशी पारावरच्या मंडळींना त्यांनी मुद्दाम जेवायला बोलावलं.

"याले म्हंतात जात्याचं पीठ," पुंजाजी म्हणाले.

"जिभेले लगेच समजते," जगदेव म्हणाले, आणि चौथी भाकर घेतली.

तेवढ्यात दिलावर डबा घेऊन दारात आला. "पुंजाजीभाऊ, वयनीचा डबा चक्कीवरच राहून गेला. म्हटलं आणून द्यावा. अन् जगदेवभाऊ, तुमच्या घरचं बी दळून झालं, जाता जाता न्यासान."

पंगतीत घास थांबले. सामान्य मनुष्य अशा वेळी आपलं चुकलं म्हणतो. पण विचार करणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. पुंजाजींनी बायकोला बोलावलं.

"मंग पहाटं जातं कोन फिरवते?"

"मीच. रिकामं फिरवते, डाव्या हातानं. तुमची झोपमोड नको म्हून."

पुंजाजींनी डोळे मिटले आणि निष्कर्ष काढला. भाकर उत्तम होती, हे सर्वांच्या जिभेने सिद्ध झालेलं आहे. पीठ चक्कीचं होतं. पण जातंही फिरत होतं. अर्थात सत्त्व पिठात नसून फिरण्यात आहे. मंडळींनी पाणी पिऊन ठराव केला: यापुढे दळण चक्कीवर जावं, आणि परंपरेच्या रक्षणार्थ प्रत्येक घरात पहाटे जातं रिकामं फिरवण्यात यावं.

"मले मंजूर हाये," दाराशी उभी रुख्मिणी म्हणाली. "पर आता त्यातून पीठ निंघत नाही, म्हंजे ते चुलीचं काम नाही राह्यलं. धर्माचं झालं. अन् धर्माच्या कामाले आमाले हात लावू देता का तुमी? मारुतीच्या गाभाऱ्यात तं पाय ठेवू देत नाही."

गाभाऱ्याचा नियम पुंजाजींनीच केलेला होता, तेव्हा जातं घरोघर पुरुषांकडे आलं.

दुसऱ्या पहाटे पुंजाजी स्वतः जात्याशी बसले. पाय कसे घालायचे हे ठरवण्यातच उजाडायला आलं. तिसऱ्या पहाटे तळहाताला फोड आले. मग खांदा भरला. रिकामा दगड दगडावर घासून अंगावर बारीक वाळू उडे, आणि आत रुख्मिणी पांघरुणात कूस बदलून पुन्हा झोपे. ज्या समाधानावर घर उभं असतं म्हणतात, ते आता तिच्या बाजूला गेलं होतं.

त्याच आठवड्यात पार तातडीने भरला. जातं ही अत्यंत पूज्य वस्तू असून रोज फिरवल्याने तिची झीज होते, असं निदर्शनास आल्यावरून प्रत्येक घरचं जातं अंगणात विसाव्याला काढण्यात आलं. ठराव एकमताने झाला. हात वर करताना मात्र जवळजवळ सगळे कण्हले. रुख्मिणीचा हात त्यानंतरही डोक्यापर्यंत पोचला नाही. विचारात गेलेला काळ खांद्याला परत मिळत नाही.

हे वाचून हसू येतं, आणि यावंच. आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. आपल्या ओट्यावर मिक्सर आहे. तरी परवा जेवताना, पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव मिक्सरच्या चटणीला येत नाही, असं आपण सहज म्हणालात. अगदी खरं आहे ते. आज आपल्या ताटात पाट्यावरची चटणी आहे. सावकाश जेवा, आणि संपली तर आत आवाज द्या.