फकिराच्या गिरणीत कचरा सापडत नाही

ज्या समाजात फेकण्यासारखं काही नसतं, त्याची प्रगती मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही, त्याला मदत तरी कशी करणार? या उदात्त विचारातून आदिलाबादेत उद्योग-उच्छिष्ट विनिमय केंद्र सुरू झालं. एका कारखान्याचा कचरा दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरावा, अशी योजना. (योजना खरोखर चांगली आहे. अडचण तिथूनच सुरू होते.)

आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला फकिराची सरकीचं तेल काढायची गिरणी आहे. केंद्राचं सभासदत्व नसेल तर यंदा गिरणीचा परवाना वाढणार नव्हता. म्हणून फकिराने अर्ज टाकला आणि केंद्राचे अधिकारी राघवेंद्र सार पाहणीला आले. भला माणूस. त्यांनी गिरणीचा कोपरा न् कोपरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. सरकीची टरफलं शेजारच्या महिपतच्या वीटभट्टीत जात होती, तीही मधल्या भिंतीवरून पोतं ढकलून. तेलाखालचा गाळ साबणवाल्याकडे. फाटकी पोती भाजीवाल्यांना. तेल काढून उरलेली ढेप म्हशींना, त्यातही पहिला मान फकिराच्या बायकोच्या, शकुबाईच्या, दोन म्हशींचा. चुलीतली राखसुद्धा तिने भांड्यांसाठी बाजूला काढलेली. एवढ्या गिरणीत मूठभर कचरा मिळेना.

"काका, तुमी तर कचरा व्हायच्या आधीच सगळं वापरून राह्यले," सार कळवळून म्हणाले. "पुन्हा वापरायला आधी कचरा तर पाह्यजे. नाई तं परवाना कसा देऊ?"

"पन चांगली वस्तू फेकाव काऊन?" शकुबाईने विचारलं.

या प्रश्नाला अर्जात रकाना नव्हता.

गिरणी बंद म्हणजे चूल बंद. बापजन्मी केलं नव्हतं ते फकिराने केलं: म्हशींच्या वाट्याची चांगली ढेप अंगणात पसरली आणि तिच्यावर पाणी मारलं. बुरशी चढायला वेळ लागला (आपल्याकडचं ऊन कचऱ्याला अनुकूल नाही, हे केंद्रानेही मान्य केलं आहे). म्हशी दाव्याला ताण देऊन बघत होत्या. फकिराने त्यांच्याकडे पाठ केली. त्याला रडू आलं, पण कचरा उत्तम झाला.

टरफलांचाही प्रश्न सुटला. भिंतीवरून पोतं ढकललं तर चक्र फार लहान होतं, फोटोत येत नाही, असं केंद्राचं मत पडलं. आता टरफलं ट्रकने आदिलाबादला जातात, तिथे कचरा म्हणून त्यांची नोंद होते आणि त्याच ट्रकने ती महिपतच्या भट्टीवर परत येतात. (ट्रकचा धूर कोणाला कच्चा माल म्हणून देता येईल, यावर समिती बसली आहे.)

पुढल्या वर्षी फकिराने ढेप जरा कमी सडवली. कचऱ्यात लक्षणीय घट केल्याबद्दल त्याला शाल-श्रीफळ मिळालं, परवानाही वाढला. सत्काराला शकुबाई गेली नाही. चाऱ्याची तोंडमिळवणी होईना म्हणून त्याच दिवशी तिने एक म्हैस इचोड्याच्या बाजारात विकली. फकिरा शाल घेऊन घरी आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, पुढच्या साली काहीच नाही सडवलं तर?

"तं मंग परवाना जाते," फकिरा म्हणाला आणि रिकाम्या दाव्याकडे बघत बसला.

सडलेली ढेप मात्र वाया जात नाही. केंद्र ती वाळवतं, दळतं, हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरतं आणि शहरांत पाठवतं. 'झाडांसाठी नैसर्गिक खुराक' म्हणून ती हातोहात खपते. परवा तुम्ही बाल्कनीतल्या तुळशीला घातलीत, ती हीच. घालताना पृथ्वीसाठी काहीतरी केल्याचं समाधान तुमच्या चेहऱ्यावर होतं. त्या सकाळचा चहाचा चोथा तेवढा घंटागाडीत गेला.

शकुबाईने विचारलंय, तुळस बरी आहे ना?