कंट्रोल ऐकतंय

आमच्या शेजारचे नाना फोन उचलून कधी 'हॅलो' म्हणत नाहीत. "कंट्रोल ऐकतंय, बोला," म्हणतात. पलीकडे गॅसवाला असला तरी त्याला आधी आपण कुठून बोलतोय ते सांगावं लागतं, सिलिंडरचं नंतर.

नानांची सगळी नोकरी अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये, वायरलेसवर गेली. बंब बाहेर पडला की 'निघालो', जागेवर गेला की 'पोहोचलो', आग विझली की 'सुखरूप, परत येतोय'. हे तीन निरोप वहीत लिहिल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. निवृत्तीला वायरलेस तिथेच राहिला, खुर्चीही राहिली. सवय तेवढी घरी आली. जळगावातल्या आमच्या गल्लीत बंब कुठून आणणार? मग त्यांनी माणसांनाच नंबर दिले. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, गाडी एक. पुण्याचा मुलगा गाडी दोन. तो उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवतो आणि नाना वहीत 'अंगठा प्राप्त' असं लिहितात. मी शाळेत शिकवते, एकटी राहते, म्हणून मी गाडी तीन.

त्यांच्या दारापासून माझं दार बारा पावलांवर. तरी निघताना, "घर पोचनी म्हंजे सांगजो," हे ठरलेलं. मी हसून हो म्हणायची आणि कधीच सांगायची नाही. "गप्प म्हंजे खुशाल नही शे, पोरी," ते बजावायचे. "गप्प म्हंजे फक्त गप्प."

गेल्या मे महिन्यात अक्का धुळ्याला बहिणीकडे निघाल्या. एरंडोल, पारोळा, धुळे, तीन ठिकाणांहून फोन करायचा असा नियम. एरंडोलचा फोन आला. पारोळ्याचा आला नाही.

भर दुपारी नानांनी भिंतीवर थापा मारल्या. मी धावत गेले. पुढ्यात वही उघडी, 'पारोळा'समोरची जागा कोरी. पंखा चालू असूनही घामाने चष्मा नाकावरून घसरत होता.

"बॅटरी संपली असेल हो," मी म्हणाले.

"मंग कंडक्टरकडे बी फोन ऱ्हास ना!"

नियमाप्रमाणे गाडी एकला तीनदा पुकारून झालं. फोन बंद. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या गाडीमार्फत निरोप धाडायचा, म्हणून गाडी दोन. मुलगा मीटिंगमध्ये. मग धुळ्याची मेहुणी, मग बसस्टँडची चौकशी खिडकी, मग पुन्हा मेहुणी. "गाडी एक कोठे शे?" शेवटी ती बाई वैतागली. फोनमधून मलासुद्धा ऐकू आलं, "भाऊजी, ती काय बंब शे का?"

मला आधी हसू आलं. पण पाऊण तास उलटला आणि हसू जिरलं. ते ऊन, हायवेवरचे ट्रक, अक्कांचं ब्लडप्रेशर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मलाही धडकी भरली. नाना मेहुणीचा नंबर पाचव्यांदा दाबायला लागले तेव्हा मी त्यांच्या हातातून फोन ओढूनच घेतला.

"नाना, जरा लाइन मोकळी ठेवा! अक्कांनाच फोन करायचा असला तर त्यांनी करायचा कसा?"

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"कंडक्टरना फोनवरून धा वखत लावा, तर तुमना फोन बिझी ना बिझी!" अक्का कडाडल्या. "पारोळाना आधीच गाडीनं टायर फुटनं. मना फोन बंद पडना. मी ठीक शे. तुमनी गोयी लिधी का?"

नानांनी 'सुखरूप' लिहायला पेन उचललं आणि काही न लिहिताच वहीवर ठेवलं. मी पाणी दिलं. ते पिऊन नाना बोलायला लागले.

फार वर्षांपूर्वी धरणगावकडे सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्याला आग लागली होती. कापसाच्या धुरात नानांचा जिवलग दोस्त आत शिरला, खांद्याला वायरलेस. वायरलेसचं असं असतं की आपण बटण दाबून बोलत राहिलो तर समोरच्याचा आवाज आपल्यापर्यंत येतच नाही.

"मी सारखं इचारी ऱ्हायनू, कोठे शे, कोठे शे," नाना म्हणाले. "बोट उचलं तवय निस्तं 'नाना' इतलंच ऐकू उनं. त्याना आधी तो काय बोलना, मले आजबी माहीत नही. बटन मीच दाबेल व्हतं, पोरी."

तो दोस्त परत आला नाही. आणि आज पुन्हा आपण तेच केलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांची गोळी शोधून दिली, ती घेईपर्यंत थांबले आणि निघाले. त्या दिवशी मात्र ते 'सांगजो' म्हणाले नाहीत.

बारा पावलं चालून मी घरी आले, कडी लावली आणि फोन केला.

"गाडी तीन. घरी पोहोचले, नाना. सुखरूप."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांचा श्वास ऐकू आला. नाना थांबले होते, माझं आणखी काही सांगायचं राहिलं असेल म्हणून.

"माझं बोलून झालं, नाना."

"लिखी लिधं, पोरी," ते म्हणाले.