टाकीवरचा कावळा

दहाव्याला पैठणच्या घाटावर कावळा पिंडाला शिवत नव्हता. ऊन चढत चाललं होतं, गुरुजींना पुढचं काम होतं आणि आप्पासाहेबांचे नातेवाईक उपाशीपोटी एकमेकांकडे संशयाने बघू लागले होते. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल, याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा होता, आणि प्रत्येकाच्या अंदाजात दोष दुसऱ्याचा होता.

आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ पुंजाराम हात जोडून पुढे झाले. "दादा, मनात कायबी ठेवू नका. आपलं भांडण मिटलं."

कावळा दगडावर चोच घासत राहिला.

"वहिनीला आम्ही अंतर देणार नाय. तळहाताच्या फोडासारखं जपू."

कावळा उठला आणि आणखी लांबच्या दगडावर जाऊन बसला. मागे बायकांत बसलेल्या वच्छलाबाईंनी ते नीट पाहिलं.

शेवटी मुलगा बद्रीनाथ पुढे आला. नुकत्याच तासलेल्या डोक्यावरचा घाम पुसत तो म्हणाला, "आप्पा, गाडीवर ओरखडा पडू देणार नाय."

कावळा तडक खाली आला आणि पिंडातला भात उचलून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, चपला शोधायला सुरुवात झाली. वच्छलाबाईंचं रडणं मात्र तिथल्या तिथे थांबलं. इतकी वर्षं संसार केला आणि माणसाचा जीव अडकला होता पेट्रोलच्या टाकीत.

ती गाडीही साधी नव्हती. बिडकीनजवळचं शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, तेव्हा आप्पासाहेबांनी शहरात, गारखेड्यात घर बांधलं आणि एक काळी मोटारसायकल घेतली. चालवली फार नाही. शेत गेलेल्या माणसाला सकाळी उठून कशाची तरी निगा राखावी लागते, तशी त्यांनी ती राखली. आधी नुसतं पाणी, मग शाम्पूचं पाणी, मग वच्छलाबाईंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर घरात दिवसभर अबोला. रात्री अंगावर घालायला वच्छलाबाईंनीच शिवलेली वाकळ. वच्छलाबाईंना मात्र त्यांनी त्या गाडीवर कधी बसवलं नाही. पायातली जोडवी पत्र्याला घासतील म्हणून. लग्नाकार्याला त्या रिक्षाने जायच्या आणि आप्पासाहेब मागून गाडीवर.

घाटावरून परतल्यावर बद्रीनाथने गाडीचा ताबा घेतला. तो वाळूजच्या एका कारखान्यात रंगवलेले सुटे भाग ट्यूबलाइटखाली धरून डाग शोधायचं काम करायचा, त्यामुळे ही आवड त्याच्या रक्तात होती आणि पगारातही. त्याने सगळी गाडी धुतली, टाकीला वॅक्स लावलं, हलक्या हाताने गोल गोल घासून चमकवलं. टाकीत तोंड दिसू लागलं. घरात आई फक्त चहावर होती, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"आत्यांनी आजबी ताट सारलं," त्याची बायको सरू सासूबद्दल म्हणाली. "तुमचं आपलं गाडी गाडी."

"आप्पाला शब्द दिलाय."

"मग आत्यांना कोण देणार?"

तेवढ्यात बाहेर फडफड झाली. हँडलवर एक कावळा बसला होता. त्याने इकडे तिकडे पाहिलं, टाकीवर सरकला आणि चमकणाऱ्या काळ्या रंगावर मनसोक्त शिटला.

बद्रीनाथ झाडू घेऊन धावला. पण त्याच्याआधी वच्छलाबाई दारात आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या कशासाठी तरी उठल्या होत्या.

"मारू नको त्याला," त्या म्हणाल्या. "ते हायेत."

"कशावरून?"

"दुसरं कोण बसंल त्या गाडीवर?"

त्या आत गेल्या आणि तूप-गुळाची पोळी घेऊन आल्या. भिंतीवर ठेवलेली पोळी कावळ्याने नेली. मग वच्छलाबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सरू, मला वाढ." सरूच्या डोळ्यांत पाणी आलं. बद्रीनाथच्याही आलं, पण तो त्या वेळी टाकीकडे बघत होता.

मग हे रोजचं झालं. बद्रीनाथला दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी तो घरी असायचा. कावळा यायचा, शिटायचा, पोळी न्यायचा, आणि वच्छलाबाई जेवायला बसायच्या. त्यांची अट एकच होती. आपलं जेवण होईपर्यंत टाकी पुसायची नाही. आलेल्या माणसाच्या मागे लगेच घर धुवून काढायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे आई आत घास चावत असायची आणि बाहेर डाग उन्हात भाजत असायचा. बद्रीनाथ ओलं फडकं घेऊन उंबऱ्यात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघायचा. आई जेवते याचा त्याला मनापासून आनंद होता. फक्त ती जरा भरभर जेवली असती तर बरं झालं असतं.

एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, भाकर दुधात कुस्करून घेतेस का? लवकर सरंल."

वच्छलाबाईंनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि हात धुतला. सरू त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच त्याने टाकी पुसली. डागाच्या जागी रंग मेला होता.

शहागंजातल्या पॉलिशच्या दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो पाहून मान हलवली. "भाई, इसको जमने मत देव. धूप लगी तो रंग खा जाती. फौरन पोंछना."

"फौरन नाही पोंछ सकता."

"क्यों?"

"वालिद हैं."

दुकानदाराने मोबाइल परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बद्रीनाथने गाडीवर दिवसाही वाकळ घातली. कावळा भिंतीवर बसून ओरडला, पोळीला शिवला नाही आणि उडून गेला. वच्छलाबाई उपाशी. त्याने नुसत्या टाकीवर प्लास्टिकची पिशवी बांधली. "त्यांच्या तोंडाला पिशवी बांधायलास व्हय?" असं म्हणून वच्छलाबाईंनी ती सोडली. शेवटी त्याने निवाड्यासाठी चुलत्यांना बोलावलं. पुंजारामांनी चहा घेतला, गाडीला एक फेरी मारली आणि टाकीवर बोट फिरवलं.

"गाडी दादाची?"

"व्हय."

"कावळाबी दादाच?"

"आई म्हणती."

"मग तू कोण मधी? माणूस आपल्या वस्तूचं कायबी करील."

"आन् मी शब्द दिला त्याचं काय?"

"शब्द तू ओरखड्याचा दिलाय. ह्यो ओरखडा नाय," पुंजाराम म्हणाले आणि जेवायला थांबले.

एका सकाळी बद्रीनाथ दूध घेऊन येत होता. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीखाली कावळा पडला होता. तारेचा धक्का बसला असणार, पाय आखडलेले होते. बद्रीनाथच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता टाकी वाचली. दुसरी ही, की आता आई जेवणार नाही. कावळा कोणीही असो, महिना दीड महिन्याच्या आत तो दुसऱ्यांदा बापाला पोचवायला निघाला होता. त्याने खिशातलं लुगड्याचं फडकं काढलं, कावळा त्यात गुंडाळला आणि पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पुरला. घरी सांगितलं नाही.

वच्छलाबाई भिंतीवर पोळी ठेवून उन्हात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी उठताना त्यांचा तोल गेला आणि सरूने त्यांना धरलं. "गेले वाटतं," एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टर येऊन सलाइनचं बोलून गेले.

पुढच्या सकाळी त्या देवापुढे बसल्या असताना बद्रीनाथने खुंटीवरची आप्पासाहेबांची तंबाखूची चंची उघडली. चुन्याच्या डबीतून बोटभर चुना काढला, त्यात थोडा चहाचा चोथा कालवला आणि अंगणात आला. टाकी लख्ख होती, आदल्याच दिवशी त्याने तिच्यावर वॅक्सचा हात फिरवला होता. चुना रंग खातो, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने डोळे मिटले आणि बोट उंचावरून झटकलं. एक थेंब बाजूलाही उडवला, खरं वाटावं म्हणून. आईने आजही भिंतीवर ठेवलेली पोळी टाकायला कुठे जागा दिसेना, तेव्हा ती त्याने स्वतः खाल्ली.

वच्छलाबाई बाहेर आल्या. टाकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"आले व्हते?"

"आले व्हते."

"मला दिसले नाय."

"तू देवाजवळ होतीस. घाईत होते."

त्यांनी पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सरू, मला वाढ."

त्यानंतर रोज सकाळी बद्रीनाथ चुना लावू लागला. टाकीवर पांढुरके चट्टे पडत गेले, आणि दुपारी पॉलिश लावून त्याने कितीही घासलं तरी ते जाईनात. त्याचं वजन उतरलं. कारखान्यात त्याने डाग पडलेल्या मालाचा एक अख्खा लॉट तसाच पुढे जाऊ दिला आणि साहेबाची बोलणी खाल्ली. आई मात्र जेवत होती. हळूहळू, पोटभर.

मग त्याची पाळी बदलली. पहाटे धावतपळत कंपनीची बस पकडली आणि वाटेत त्याला आठवलं की आज चुना राहिला. दिवसभर त्याला डाग दिसेनात, फक्त उन्हात बसलेली आई दिसत होती. दुपारी तो घरी आला तेव्हा गाडीवर वाकळ नीट घातलेली होती. वाकळ उचलून पाहिलं तर टाकी स्वच्छ. वच्छलाबाई ओट्यावर बसून दात कोरत होत्या.

"आज... आले नाय?" त्याने विचारलं.

"नाय."

"मग तू जेवलीस?"

"भूक लागली व्हती." त्यांनी काडी टाकली. "बद्री, चुना बंद कर आता. रंग खातो त्यो. ते असते तर तुझा हात तोडला असता."

"कव्हापासून माहीत हाय तुला?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या मिशीला तूप व्हतं."

"मग जेवलीस कामून?"

"घाटावर माझं नाव घेतलं तर लांब जाऊन बसले. गाडीचं नाव घेतलं तर आले. लई लागलं मला ते. आन् तू त्याच टाकीवर आपल्या हातानं चुना लावला, मी जेवावं म्हून. मग न जेवून कसं चालंल?"

दोघेही थोडा वेळ रडले. सरूने आतून पाहिलं आणि चहा ठेवला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पुन्हा फडफड झाली. नवा कावळा होता, हँडलवर बसून टाकीकडे सरकत होता. वच्छलाबाईंनी पायातली चप्पल काढून भिरकावली. कावळा गेला, चप्पल चाकाला लागली.

"आई, आप्पा असले तर?"

"असले तर असले." त्या चप्पल घालून गाडीजवळ आल्या. पदर खोचला. "चल, मला बिडकीनला घेऊन चल. आपलं शेत व्हतं तिथं काय उभं राह्यलंय ते बघायचंय."

"गाडीवर?"

"मग? आता जोडवी नायत. ओरखडा पडायचा नाय."

त्याने आईला हात धरून मागे बसवलं आणि गाडी सुरू केली. दोघांचं वजन घेऊन तिला वळवायची सवय त्याला नव्हती. फाटकातून निघताना कडीचा लोखंडी गज टाकीला लागला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कर्रर्र ओढत गेला. आवाज दोघांनीही ऐकला. वच्छलाबाईंनी त्याच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला, आणि गाडी पुढे गेली.